बायकांच्या राज्याच्या गोष्टींत पुरुष जातात कुठं?

दुपारचं_ऊन :
सध्या मी एकाच प्रकारच्या गोष्टी हुडकून हुडकून वाचतेय. बायकांचा देश, नाहीतर बायकांचा ग्रह, नाहीतर नुसतं डोंगरातलं एक खोरं, आणि तिथं पुरुष नाहीत. वाचता वाचता एक चाळाच लागलाय, बाकी सगळं सोडून आधी बघायचं की लेखिकेनं पुरुषांना घालवलं कसं. मला वाटतं तिला नेमकं काय खुपतंय ते त्याच्यावरूनच कळतं.

पहिली वाचली रोकेया सखावत हुसेन यांची 'सुलतानाज ड्रीम'. १९०५ ची. मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये आली होती, मूळ इंग्रजीतच आहे, एका बैठकीत संपते. रोकेया रंगपूरकडची, आताचा बांगलादेश, घरात कडक पडदा, शाळा नाही, भावानं रात्री दिव्याच्या उजेडात लपून शिकवलं. नवरा डेप्युटी मॅजिस्ट्रेट होता, तो दौऱ्यावर गेला की ही एकटी, तर वेळ जावा म्हणून हे लिहिलं आणि तो परत आल्यावर त्यानं उभ्याउभ्याच सगळं वाचलं आणि म्हणाला, भयंकर सूड घेतलास की गं. हे तिनंच सांगून ठेवलंय.

तर या गोष्टीत पुरुष मेलेले नाहीत आणि पळालेले पण नाहीत, ते घरात आहेत! जनान्याच्या जागी मर्दाना. देशावर लढाई आली, पुरुष हरले, थकले, तेव्हा बायका म्हणाल्या आता तुम्ही आत जाऊन बसा आम्ही बघतो. विद्यापीठाच्या मुख्य बाई दोन हजार विद्यार्थिनी घेऊन गेल्या आणि त्यांनी सूर्याची उष्णता साठवून ठेवलेली होती ती शत्रूवर सोडली, लढाई खलास. नंतर पुरुष अर्ज करत बसले की आम्हाला सोडा बाहेर, तर राणी म्हणाली गरज लागली तर बोलवू. तेव्हापासून स्वयंपाक आणि पोरं त्यांच्याकडं.

म्हणजे रोकेयाला पुरुष नकोसे झालेले नाहीत, तिचा राग उंबऱ्यावर आहे. उंबरा तसाच ठेवला आणि आतबाहेरची माणसं बदलली, बस.

आता दुसरं टोक बघा. शार्लट पर्किन्स गिलमन, अमेरिकन, 'हरलँड', १९१५. तिनं स्वतःच्याच मासिकात क्रमशः छापली आणि पुस्तक व्हायला १९७९ उजाडलं. त्यात दोन हजार वर्षांपूर्वी लढाई, ज्वालामुखी, बाहेर जायची खिंड बुजली, आत उरलेल्या गुलामांनी बंड करून मालक मारले आणि बायकांवर हक्क सांगायला आले तर पोरींनी त्यांनाच संपवलं. मग एकीला पुरुषाशिवाय मूल झालं, पाच मुली, आणि सगळा देश तिचीच लेकरं. इथं पुरुषांना शिक्षा वगैरे नाही, ते कथेतून उचलूनच टाकलेत. आणि मग तीन पुरुष विमानातून येऊन पडतात तिथून खरी मजा सुरू होते.

तुमच्यापैकी कुणी असलं काही वाचलंय का? मराठीत काय आहे? पुरुषांनी पण लिहा, हाकलणार नाही.

नवीपेठकर :
सूर्याची उष्णता साठवायची कशाला म्हणतो मी, एप्रिलमध्ये शत्रूला नुसतं आपल्या सोलापूर स्टेशनवर उतरवा आणि चालत या म्हणा, सात रस्त्यापर्यंत पोचत नाही बे कोण.

जोक सोडा. पण ताई मला अशा गोष्टींचं एक कळत नाही, ट्रकचं टायर कोण बदलतंय, चेंबर तुंबलं तर कोण उतरतंय? सगळं फुलं आणि बागा.

दुपारचं_ऊन :
@नवीपेठकर फुलं बागा आहेत खऱ्या, रस्त्यांवर मखमलीसारखी हिरवळ पण आहे. पण त्या बाईनं पाण्याचं पण लिहिलंय. एका विद्यापीठानं असा फुगा काढला की तो ढगांच्याही वर तरंगत ठेवायचा आणि पाहिजे तेवढं पाणी ओढून घ्यायचं, त्यामुळं पाऊस पण नाही, चिखल पण नाही आणि दुष्काळ पण नाही. स्वयंपाकघरात धूर नाही, उन्हावर शिजतं. १९०५ मध्ये! आपल्याकडं चार दिवसांनी नळ येतो तेव्हा मला हा फुगाच आठवतो. तुमच्या घरी पाण्याला रात्री कोण उठतं ते सांगा आधी, मग टायरचं बघू.

नवीपेठकर :
ऑब्जेक्शन. मोटर मी लावतो.

दुपारचं_ऊन :
बटण दाबता. भांडी कोण भरतं?

नवीपेठकर :
पुढचा प्रतिसाद येऊ द्या 😐

होटगी_रोड :
ताई तुमचा चाळा भारी आहे, मी सायन्स फिक्शनवाला, पण असं लावून कधी बघितलं नव्हतं. लावून बघू.

जोआना रस, 'व्हेन इट चेंज्ड', १९७२, छोटी कथा आहे, सायन्स फिक्शनचं नेब्युला बक्षीस मिळालेलं. व्हाइलअवे नावाचा ग्रह, सहाशे वर्षांपूर्वी साथीत सगळे पुरुष गेले. बायका शेती करतात, कारखाने चालवतात, एकमेकींशी लग्न करतात, पोरं होतात, आणि द्वंद्व करून एकमेकींना मारतात पण, म्हणजे गोडगोड अजिबात नाही. मग पृथ्वीवरून पुरुष येतात. समोर घोळक्यानं बायका उभ्या आहेत आणि तो बाबा विचारतो, तुमची माणसं कुठंयत? तिथं माझा वाचता वाचता घास अडकला. ते पुरुष वाईट नाहीत हो, हसून खेळून बोलतात, मदत करायला आलोय म्हणतात, आणि सांगणारी बाई तिथंच ओळखते की आपलं संपलं. ती तीन द्वंद्वं लढलेली आहे, घरात बंदूक आहे, आणि तिला भीती वाटते ती त्या हसण्याची.

दुसरी जेम्स टिपट्री ज्युनिअर, १९७६ ची, नाव 'ह्यूस्टन, ह्यूस्टन, डू यू रीड?'. नाव पुरुषाचं आहे पण ती बाई होती, अ‍ॅलिस शेल्डन, आणि बरीच वर्षं कुणाला पत्ता नव्हता, एका मोठ्या लेखकानं तर लिहून ठेवलं होतं की हे लिखाण पुरुषाचंच असणार म्हणून! तर त्यात तीन अंतराळवीर भविष्यात जाऊन पडतात, तिथं साथ येऊन गेलीय, फक्त बायका आहेत, क्लोन करून. बायका त्यांना एक औषध देतात, त्यानं मनातलं सगळं बाहेर यायला लागतं. जे बाहेर येतं ते बघून बायका ठरवतात की यांना ठेवायला नको. रागावून नाही, अगदी शांतपणे.

म्हणजे १९७० च्या सुमाराला साथ आली की पुरुष गेले, ही फॅशनच झालेली दिसते. तुमच्या हिशेबानं याचा अर्थ काय?

दुपारचं_ऊन :
@होटगी_रोड साथ म्हणजे कुणाचाच हात नाही त्यात. पाप नको अंगावर, पण जागा तर मोकळी पाहिजे. मला ते थोडं पळवाट वाटतं. पण रसचीच पुढची कादंबरी आहे 'द फीमेल मॅन', १९७५, त्यात एक बाई येऊन तोंडावर सांगते की कसली साथ आणि कसलं काय, ती तुमची साथ आम्हीच होतो. तिथं तिनं स्वतःचीच पळवाट बंद करून टाकलीय.

चिंचेखाली :
मराठीत काय आहे म्हणून विचारलंस ना बाळ, अगं श्रावणात घरोघर वाचतात की. नवनाथ भक्तिसार. मालू कवीची पोथी, शके १७४१, म्हणजे १८१९ साल. मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात जातो ती कथा. माझ्या सासूबाई पोथी लावायच्या आणि हा अध्याय आला की आम्हा सुनांकडं बघून जरा जोरात वाचायच्या.

तिथं पुरुष का नाहीत माहीत आहे का? मारुतीचा भुभुःकार. त्या आरोळीनं बायकांना दिवस जातात, आणि पुरुषाचा गर्भ असला तर तो त्याच आरोळीनं गळून पडतो. बघ म्हणजे पुरुष नाहीसे करायला पण शेवटी एक ब्रह्मचारी पुरुषच लागला! राणी मैनाकिनी. मच्छिंद्र तिथं राहतो, संसार करतो, मुलगा होतो मीननाथ. मग गोरक्ष गुरूला सोडवायला येतो, तो पण कलिंगा नावाच्या नाचणारणीबरोबर बाईचा वेष घेऊन, आणि मृदंगातून आवाज काढतो, चलो मच्छिंदर गोरख आया.

पोथी सांगते की ते राज्य म्हणजे मोह, चिखल. गुरू अडकला, शिष्यानं काढला. पण मी इतकी वर्षं ऐकतेय, मला कधी वाटलंच नाही की तिथल्या बायका दुःखी होत्या. राज्य नीट चाललेलं होतं. नवरा उठून गेला ती मैनाकिनी काय करत असेल पुढं, याच्यावर कुणी दोन ओव्या जास्त लिहिल्या असत्या तर काय बिघडलं असतं.

आणि एक. मच्छिंद्र गोरक्षाला म्हणतो पोराला शी झालीय, धुवून आण. तर या एवढ्या मोठ्या योग्यानं काय करावं, पोराला नदीवर नेऊन धोंड्यावर आपटून धुतलं आणि कातडं वाळत घातलं. मग परत जिवंत केलं म्हणा. पण आयुष्यात एकदा एक काम सांगितलं!

खारीक :
काकू 😂😂😂 मी बसमध्ये आहे लोक बघलालेत

नवीपेठकर :
चिंचेखाली काकू, पाया पडतो. माझ्या बायकोला वाचून दाखवलं, तिनं फक्त माझ्याकडं बघितलं.

होटगी_रोड :
यावर प्रभातचा सिनेमा पण आहे, 'माया मच्छिंद्र', १९३२, शांतारामबापूंचा. दुर्गा खोटे स्त्रीराज्याची राणी, आणि शेजारी खराखुरा चित्ता पाळलेला. बोलपट नुकते सुरू झालेले त्या काळात कोल्हापुरात बसून केलेलं.

पूर्वभाग :
मी सहसा लिहीत नाही इथं, वाचते. पण 'सुलतानाज ड्रीम' नेटवर सापडली म्हणून काल वाचली आणि एक गोष्ट डोक्यातनं जाईना म्हणून लिहिते. त्यात गोष्ट सांगणारी सुलताना विचारते की तुम्ही भरतकाम पण करता आणि ऑफिसचं काम पण करता, जमतं कसं, तर तिला तो देश दाखवणारी सिस्टर सारा म्हणते आम्ही दोन तासांत काम संपवतो, पुरुषांना दिवस पुरत नव्हता कारण ते कामाबद्दल बोलायचे जास्त आणि चिरूट ओढत बसायचे, एक चिरूट संपायला अर्धा तास, दिवसाला बारा चिरूट, म्हणजे सहा तास नुसत्या धुरात. बरोबर आहे हिशेब, हसू पण आलं. पण मी विडीवाल्या घरातली आहे. आई, आज्जी, दोन्ही अत्त्या, सगळ्या विड्या वळणाऱ्या. विडी कारखान्याच्या ब्रँचमधनं पान तंबाखू आणायचं, रात्री पानं भिजत घालायची, सकाळी कातरायची, मग सूप मांडीवर घेऊन जे बसायचं ते संध्याकाळी हजार भरेपर्यंत, आणि ब्रँचला नेलं की त्यातल्या पण काही खराब म्हणून बाजूला काढणार त्याचे पैसे नाहीत. तर कुणीतरी ओढून जे सहा तास घालवतो त्याच्यासाठी आमच्या घरात बाईचा अख्खा दिवस जातो, ते रोकेयाबाईंच्या हिशेबात नाही. त्यांच्या देशात चिरूट कोण वळत होतं? मला हे रागानं नाही विचारायचं, मला ती गोष्ट आवडली. पण मला लगेच तेच दिसलं.

दुपारचं_ऊन :
@पूर्वभाग हे मला दिसलंच नसतं. अजून लिहा प्लीज.

तळ्याकाठी :
पूर्वभाग ताईंनी नेमकं बोट ठेवलंय. मी थोडं हरलँडबद्दल बोलतो, कारण तिथं हे जास्त उघड आहे.

गिलमनबाईंच्या देशात गुलाम होते ना, ते सुरुवातीलाच मारून टाकले, आणि मग लिहितात की या बायका आर्य वंशाच्या असणार. सरळ आहे पुस्तकात, मी माझ्या मनाचं सांगत नाही. पुढं लोकसंख्या तीस लाखांवर आली की ठरवतात कुणी मूल होऊ द्यायचं आणि कुणी नाही, जिच्यात काही 'वाईट गुण' दिसले तिला विनंती करतात की बाई तू आई होऊ नकोस. विनंतीच, जबरदस्ती नाही. आपल्याकडं कुणी कुणाला कसल्या विनंत्या केल्या ते आपल्याला शिकवायला नको.

एक पुस्तक म्हणून ते भारी आहेच. तो टेरी नावाचा माणूस, ज्याला वाटतं बाई म्हणजे जिंकायची गोष्ट, तो त्या पोरींना पकडायला आधी चमचमता हार दाखवतो, आणि शेवटी लग्न झालेल्या बायकोवर जबरदस्ती करायला जातो तर त्या त्याला देशाबाहेर काढतात. १९१५ मध्ये लग्नातल्या जबरदस्तीला गुन्हा म्हणणं, आपला कायदा अजून तिथं पोचलेला नाही. पण तरी मला प्रश्न पडतो की 'सगळ्या बायका एक' म्हणताना कुठल्या बायका. आपल्या इथं असा देश काढला तर झाडू कुणाच्या हातात जाईल? पुरुष नसले म्हणून तो आपोआप फिरून सगळ्यांच्या हातात येईल असं मला वाटत नाही. ताराबाई शिंदेंनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली, पुरुषांना एवढं धुतलं, ताराबाईंच्या बाजूनं जोतीराव फुले उभे राहिले, पण त्या काही पुरुषांना नाहीसं करायला निघाल्या नव्हत्या. त्यांना हिशेब पाहिजे होता.

खारीक :
सगळं सिरीयस झालंय तर माझा एक मुद्दा. हरलँडच्या बायकांच्या कपड्यांना खिसे आहेत!! तो सांगणारा माणूस पण चकित होतो की किती हुशारीनं लावलेत. मी पीजीत राहते, आमच्या खोलीत सगळ्यांनी हा भाग वाचला आणि पाच मिनिटं नुसत्या ओरडलो. माझ्या एकाही ड्रेसला खिसा नाही, मोबाईल हातात, चावी हातात, पैसे कव्हरच्या मागे. टेलरकाकांना सांगितलं तर म्हणले कुर्त्याची फिटिंग जाते. कुणासाठी फिटिंग काका.

आणि मला खरं सांगायचं तर ग्रह वगैरे नको. आमचं पीजी म्हणजे पुरुष नसलेलाच देश आहे, वॉचमन सोडून, तरी रात्री साडेआठला गेट बंद. सगळ्या मुलीच आत असतानासुद्धा घर हे कोंडवाड्यासारखंच असतं कारण चावी दुसऱ्याकडं. मला सिद्धेश्वर तळ्याच्या कडेनं रात्री अकराला एकटीनं चालायचंय, हातात काही न धरता, कुणाला लोकेशन न पाठवता. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत तेवढी गर्दी असते म्हणून जमतं, बाकी वर्षभर नाही. रोकेयाबाईंच्या गोष्टीत पहिलंच काय होतं, ती सुलताना रस्त्यावर चालते आणि लाजते की बुरखा नाही, लोक बघतील. आणि रस्त्यावरच्या बायका हसतात, म्हणतात ही पुरुषासारखी भित्री आहे. मला तेवढंच पाहिजे. माझ्या लाजण्याला कुणीतरी पुरुषासारखी म्हणावं 😄

विजापूर_नाका :
मी दोन मुलांची आई, दोघंही मुलगे, मोठा नववीत. हे सगळं वाचताना मजा येते आणि मधेच पोटात कालवतं. माझी पोरं कुठं जाणार या देशांत? केनियात असं खरंच गाव आहे ना, उमोजा, १९९० मध्ये सांबुरू बायकांनी वसवलेलं, रिबेका लोलोसोलींनी पुढाकार घेऊन. मारहाण झालेल्या, बलात्कार झाला म्हणून नवऱ्यांनी टाकलेल्या, अशा बायका. मण्यांच्या माळा करून विकतात, शाळा चालवतात. पुरुषांनी राहायचं नाही. पण तिथल्या मुलांना मोठं झालं की गाव सोडावं लागतं असं वाचलं. त्या बायकांनी जे सोसलं ते बघता मी कोण बोलणार. पण त्या पोरानं काय करायचं? त्यानं गावात बाईनंच चालवलेलं सगळं बघितलंय, असं पोर तर बाहेर दहा ठिकाणी पाहिजे.

होटगी_रोड :
@विजापूर_नाका शेरी टेपरची 'द गेट टू विमेन्स कंट्री' वाचा, १९८८. पूर्ण तुमचाच प्रश्न आहे. बायका भिंतीच्या आत, पुरुष सैनिक बाहेर छावणीत, मुलगा पाच वर्षांचा झाला की बापाकडं द्यायचा, पंधराव्या वर्षी त्यानं ठरवायचं, छावणीत राहायचं का मान खाली घालून भिंतीच्या आत परत यायचं, आणि परत येणाऱ्याला बाहेरचे भेकड म्हणतात. शेवटी एक गुपित कळतं ते सांगत नाही, पण वाचून झाल्यावर मला दोन्ही बाजूंचा राग आला होता.

विजापूर_नाका :
पाच वर्षांचा. नको, मी नाही वाचत लगेच.

चिंचेखाली :
अगं केनियापर्यंत कशाला जाताय. पुण्याला जाताना दौंड सुटलं की केडगाव लागतं बघा, तिथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली, विधवा घेऊन आल्या आणि माळरानावर वसवलं. विहिरी, शेती, तेलाची घाणी, माग, छापखाना, सगळं बायका चालवायच्या. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथंच बायकांनी छापलं. रोकेयाबाई स्वप्न लिहीत होत्या तेव्हा इथं खऱ्या बायका छापखान्यात खिळे जुळवत होत्या! धर्मावरून रमाबाईंना लोकांनी किती बोललं ते वेगळं, माझे सासरे तर नाव घेऊ द्यायचे नाहीत. पण टाकलेली बाई जाणार कुठं, याला त्या काळात ज्यांच्याकडं उत्तर होतं अशी माणसं बोटावर मोजण्यासारखी.

नवीपेठकर :
हे माहीत नव्हतं. शेकडो वेळा त्या लाइननं गेलोय, केडगाव म्हणजे क्रॉसिंगला गाडी थांबते एवढंच डोक्यात.

पण मी परत तेच म्हणणार, मुक्ती काय, उमोजा काय, ह्या मारलेल्या, हाकललेल्या बायकांच्या जागा आहेत. ती सोय झाली, स्वप्न नाही. ज्या घरात बरं चाललंय तिथल्या बाईला का वाचावं वाटतं हे? माझी बायको परवापासून ती गोष्ट वाचलाली, मी विचारलं काय आवडलं तर म्हणे शांतता. मी काय ओरडतो का घरात?

दुपारचं_ऊन :
@नवीपेठकर तुम्ही ओरडत नसालच. पण तुम्ही घरात आलात की कान तिकडं लागतात. चहा पाहिजे का, टीव्हीचा आवाज जास्त झाला का, मूड कसाय. चांगल्या माणसाच्या घरात पण लागतात. तो कान काढून ठेवता आला तर कसं वाटेल एवढंच बघायला मी तरी ही पुस्तकं उघडते. नवऱ्याला ग्रहावरून हाकलायला नाही, तो बिचारा आता इस्त्री करतोय.

पूर्वभाग :
लिहा म्हणाला होतात म्हणून लिहिते. आम्ही कुंभारीला गोदूताई परुळेकर घरकुलात राहतो, विडीवाल्या बायकांची ती दहा हजार घरं, २००६ ला मिळाली. त्याच्या आधी गावात भाड्याच्या एका खोलीत सहा जण होतो. अप्पा मागावर होते, प्यायचे, सगळे पितात तिकडं, मारायचे पण. आणि भांडण झालं की आई आम्हाला घेऊन बाहेर, अत्तीच्या दारात, रात्रभर. बाहेर जायची ती कायम आईच, कारण खोली अप्पांच्या नावावर. घरकुल आईच्या नावावर झालं. मारणं लगेच थांबलं असं नाही, पण पहिल्यांदा भांडण झालं तेव्हा आई उठली आणि सवयीनं आम्हाला चपला घाला म्हणाली, आणि मग दारातच थांबली, आणि अप्पांना म्हणाली तुम्ही जावा. तेलुगूत म्हणाली, लई हळू. अप्पा गेले. रात्री उशिरा आले आणि बाहेरच ओट्यावर झोपले. नंतर पुष्कळ वेळा गेले असतील, पण आम्ही पुन्हा गेलो नाही कुठं. पिणं कमी झालं, वय पण झालं. आता ते आईला पानं भिजवून देतात.

म्हणून मला पुरुष साथीत गेले, ज्वालामुखीत गेले हे वाचताना वाटतं की एवढं मोठं कशाला. कागदावर नाव बदललं तर एका रात्रीपुरता आमच्या पण घरातनं पुरुष गेला होता.

तळ्याकाठी :
🙏

विजापूर_नाका :
पूर्वभाग, तुमच्या आईला नमस्कार सांगा.

होटगी_रोड :
@दुपारचं_ऊन तुमच्या चाळ्यात ही पण पद्धत घाला, सातबारा.

नवीपेठकर :
@होटगी_रोड घरकुलाला सातबारा नसतो बे. पण मी बघतो आमचा फ्लॅट कुणाच्या नावावर आहे ते, दोघांच्या असावा. (आईच्या नावावर निघाला. म्हणजे आमच्या घरात ऑलरेडी स्त्रीराज्य आहे, फक्त बायकोचं नाही.)

खारीक :
दादा ही तर वेगळीच कादंबरी होईल, सासू-सुनेचा ग्रह. पुरुष साथीत गेले, मग पुढं?

चिंचेखाली :
पुढं मी सांगते हो, पण इथं नाही 😄

पूर्वभाग :
आईला ती गोष्ट सांगितली काल, ती वळत होती तेव्हा. फुग्याचं पाणी, उन्हावरचा स्वयंपाक, पुरुष घरात, सगळं ऐकलं. हसली बरंच. मग विचारलं, दोन तास काम करतात म्हणतीस तर पगार किती? दिवसावर का नगावर? मी परत वाचून बघितलं, मला सापडलं नाही. कुणाला माहीत आहे का.

दुपारचं_ऊन :
पगाराचं मला पण कुठं दिसलं नाही. व्यापाराचं आहे पण. राणी म्हणते आम्हाला व्यापार करायला हरकत नाही, फक्त ज्या देशात बायका जनान्यात कोंडलेल्या आहेत त्यांच्याशी जमत नाही, कारण तिथनं बोलणी करायला पुरुष येतात आणि पुरुषांशी व्यवहार करायला आम्हाला आवडत नाही, त्यांची नीती जरा कमी असते.

नवीपेठकर :
म्हणजे चादरी विकायला गेलो तर माल परत. बायकांनाच पाठवावं लागणार.

पूर्वभाग :
चादरीची टॉवेलची शिलाई, घडी, पॅकिंग बायकाच करतात की अण्णा. पाठवा. फक्त माल कुणाच्या नावावर जाणार ते आधी ठरवा.